लाकडात बसवलेले पितळ

लाकडाला धातू लावण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. लग्नातल्या पाटाला चांदीची फुले ठोकलेली असतात, आजीच्या जुन्या पेटीला पितळी पट्ट्या आणि कोपरे असतात, वाड्यातल्या झोपाळ्याला पितळी कड्या असतात. पण या सगळ्यांत धातू लाकडाच्या वर बसलेला असतो, खिळ्यांनी धरलेला असतो. बोट फिरवले तर उंचवटा लागतो. आज ज्या टेबलांविषयी सांगायचे आहे त्यांच्यावरून बोट फिरवा. काही म्हणता काही लागणार नाही. डोळ्यांना पितळेचा वेल दिसतो, बोटाला मात्र नुसता गुळगुळीत सपाटपणा कळतो. वेल लाकडावर नाही, लाकडाच्या आत आहे. आणि त्याला ना खिळा, ना सरस. मग तो धरून ठेवतो कोण? एखादे जुने टेबल पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहते, आणि गेल्या दिवाळीला हौसेने आणलेल्या टेबलाची तार मे महिन्यात उचकटून वर येते, ती का? या एका प्रश्नाचा छडा लावला की या कारागिरीचे मर्म हाती येते.

या कामाला तारकशी म्हणतात. तिचे नामांकित ठिकाण म्हणजे उत्तर प्रदेशातले मैनपुरी. आग्र्याच्या पूर्वेला हे जिल्ह्याचे गाव आहे. तिकडच्या लोकांना मैनपुरी म्हटले की आधी तंबाखू आठवते, पण कलावस्तूंची पारख असणाऱ्याला तारकशीच आठवेल. लाकूड शीशमचे आणि तार पितळेची. हा शीशम म्हणजे आपल्या शिसवीचा चुलतभाऊ समजा. शास्त्रज्ञ आपल्या शिसवीला डालबर्जिया लॅटिफोलिया म्हणतात आणि उत्तरेकडच्या शीशमला डालबर्जिया सिसू. घराणे एक, झाडे दोन. शीशम नद्यांच्या गाळाच्या जमिनीत वाढतो. त्याचा गाभा तपकिरी, दाट आणि जड असतो. बारीक नक्षीला असेच लाकूड लागते. सावर किंवा आंबा यांच्या लाकडात इतकी बारीक चर कोरायला गेलात तर तिच्या कडा भुसभुशीत होऊन ढासळतील.

गंमत अशी की मैनपुरीचे कारागीर मुळात टेबले करीतच नसत. ते करीत खडावा. पूजापाठ करणाऱ्या माणसाला चामड्याचा स्पर्श नको, म्हणून पायात लाकडी खडावा. आणि पायातली वस्तू झाली तरी ती देवघरापर्यंत जाणारी, म्हणून तिच्यावर पितळेची नक्षी. याशिवाय कलमदाने आणि डबे होत असत. पुढे फ्रेडरिक सॅमन ग्राउझ नावाचा इंग्रज अधिकारी काही काळ मैनपुरीस नोकरीला होता. हा मोठा रसिक माणूस. तुलसीदासांच्या रामायणाचे इंग्रजी भाषांतर करणारा तो हाच. तारकशीवर त्याची नजर गेली. त्याने कारागिरांना उत्तेजन दिले आणि १८८८ साली या कलेवर एक लेखही छापला. खडावा घालणारे गिऱ्हाईक जसजसे कमी झाले तसतशी ही नक्षी पायातून निघून पेट्या, तबके, चौकटी आणि टेबले यांच्यावर चढली.

इथे जरा थांबतो. टेबल ही आपली वस्तू नव्हे; आपली वस्तू चौरंग. मात्र चहाचे कप ठेवायच्या लहान टेबलाला आपण जे ‘टिपॉय’ म्हणतो, तो शब्द अस्सल देशी आहे. तीन पायांची ती तिपाई. इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्यांना त्यात त्यांचा चहा ऐकू आला, आणि तिपाई विलायती पोशाख करून टिपॉय म्हणून आपल्याच घरी परत आली. आता तिला चार पाय असले तरी कोणी मोजीत नाही. असो.

आता हे काम होते कसे ते पाहू. पहिली गोष्ट लाकूड. ते सुकवून, चांगले मुरवून घेतलेले हवे. यात उतावळेपणा चालत नाही, आणि तो का चालत नाही ते पुढे सांगतो. फळी रंध्याने सपाट केली की कागदावर काढलेली नक्षी तिच्यावर उतरवतात. मग अगदी बारीक पटाशीने आणि हलक्या हातोडीने त्या रेषेवर चर पाडतात. चर रुंद नको, उभी आणि अरुंद हवी. दुसरीकडे पितळेचा पातळ पत्रा तापवून मऊ केलेला असतो. त्याच्या बारीक पट्ट्या कातरतात. तारकशीतली ‘तार’ म्हणजे पुष्कळदा ही पट्टीच असते, गोल तार नव्हे. ही पट्टी चरीत आडवी न निजवता उभी घालतात. जशी पाटीच्या खाचेत पाटी उभी सरकवावी तशी. मग हातोडीने हलके ठोकत ठोकत तिला आत बसवतात. पान, देठ, पाकळी असे जिथे वळण येईल तिथे पट्टी वळवायची, जिथे रेषा संपेल तिथे तोडायची. नक्षीत जे बारीक ठिपके दिसतात, तेही नुसते खिळे नसतात. तारेची इवलीशी गुंडाळी करून ती टोचलेल्या भोकात ठोकलेली असते. सगळी नक्षी भरून झाली की वर आलेले पितळ कानशीने घासून लाकडाच्या पातळीला आणतात, काचकागदाने साफ करतात, आणि शेवटी पॉलिश चढवतात.

ऐकायला हे चार वाक्यांत संपले. प्रत्यक्षात हाताच्या पंजाएवढ्या जागेत शेकडो तुकडे बसवायचे असतात, आणि प्रत्येक तुकड्यासाठी चर वेगळी. टेबलाचा माथा भरायचा म्हणजे हे किती दिवसांचे काम असेल याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय चूक झाली तर खोडरबर नाही. चर एकदा रुंद पडली की पट्टी तिच्यात सैल राहणार, आणि सैल पट्टीला इलाज नाही.

आता मूळ प्रश्न. पट्टी धरून कोण ठेवतो?

लाकूडच धरते. चर पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद ठेवलेली असते. पट्टी आत ठोकली की लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंना दबतात. दबलेला तंतू परत मूळ जागी येऊ पाहतो. वाटेत पट्टी असते, म्हणून तो तिला आवळून धरतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला पाचर ठोकतात, ती कशाने राहते? तेच हे तत्त्व. फक्त तिथे पाचर लाकडाची आणि बोटाएवढी. इथे ती पितळेची आणि कागदाच्या तीनचार घड्यांएवढी.

पण एवढ्याने भागत नाही. लाकूड कापले तरी त्याचे एक जित्राबपण शिल्लक राहते. हवेतला ओलावा ते घेते आणि सोडते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच दार खडखड वाजते, हे तुम्ही घरोघर पाहता. मात्र सगळ्या दिशांनी लाकूड सारखे फुगत नाही. झाड ज्या दिशेने उंच वाढले, म्हणजे तंतू ज्या दिशेने जातात, त्या लांबीत फरक जवळजवळ नसतोच. फरक पडतो तो फळीच्या रुंदीत. हातभर रुंद फळी ऐन पावसाळ्यात आणि ऐन उन्हाळ्यात मोजली तर दोनचार मिलिमीटरांचा फरक सहज दिसावा. पितळेचे उलटे. ओलाव्याचे त्याला सोयरसुतक नाही. ते फक्त उष्णतेने वाढते, आणि तेही अगदी थोडे. मीटरभर लांबीची पितळी पट्टी २० अंशांनी तापली तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी वाढते.

म्हणजे एकाच टेबलाच्या माथ्यात दोन असे भाऊ नांदत आहेत की एक दरसाल फुगतो आणि आकसतो, दुसरा जागचा हलत नाही. आता समजा, फळीच्या रुंदीभर या कडेपासून त्या कडेपर्यंत पितळेची एकच सरळ, लांब पट्टी बसवली. उन्हाळ्यात फळी आकसली. चर आखूड झाली. पट्टी मात्र तेवढीच राहिली. ती जाणार कुठे? मधेच कमान करून वर येणार. एकदा वर आली की कपड्यात अडकणार, आणि मग उरलेले काम घरातली मुले करतात.

जुन्या कारागिराने ही अडचण भौतिकशास्त्राचे पुस्तक न वाचता सोडवली आहे. त्याने पट्टी बारीक ठेवली, उभी खोल बसवली, आणि नक्षी वेलबुट्टीची घेतली. वेलबुट्टी फक्त सुंदर दिसते म्हणून आली असे मला वाटत नाही. तिच्यात पितळ तुकड्यातुकड्यांनी बसते. आखूड तुकड्याला फळीच्या हालचालीचा वाटा थोडाच सोसावा लागतो, आणि वळणाची पट्टी थोडी दबून ती हालचाल पोटात घेते. याच कारणाने लाकूड मुरलेले हवे. ओल्या लाकडात आज घट्ट बसलेली पट्टी लाकूड वाळले की कशी वागेल, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. बाजारी टेबलाची तार पहिल्याच उन्हाळ्यात उचकटते, तिचे कारण बहुधा इथेच असते. लाकूड मुरवण्याचे महिने वाचवलेले असतात, आणि ती बचत तुमच्या पदरात पडत नाही. दुरुस्ती तेवढी पडते.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर फ्रान्सकडे वळावे लागेल. तिथे आंद्रे शार्ल बूल (१६४२-१७३२) नावाचा जगप्रसिद्ध सुतार होऊन गेला. चौदाव्या लुई राजाने त्याला १६७२ साली लूव्हरच्या राजवाड्यात राहायला जागा दिली, एवढा त्याचा मान. तो पितळेचा पातळ पत्रा आणि कासवाची पाठ एकावर एक ठेवून करवतीने दोन्हींत एकदमच नक्षी कापी, आणि एकाचे तुकडे दुसऱ्याच्या खिडक्यांत बसवून सगळे टेबलावर किंवा कपाटावर सरसाने चिकटवी. दिसायला अपूर्व! पण त्यात पितळ रुंद आणि आडवे पसरलेले, आणि भिस्त सगळी सरसावर. खाली लाकूड हलते, वर पितळ हलत नाही, मधला सरस वर्षानुवर्षे ओढला जाऊन सुटतो. युरोपातल्या संग्रहालयांत अशा टेबलांचे उचललेले पितळ पुन्हा बसवण्याचे काम संपत नाही. राजाच्या सुताराला जे साधले नाही ते मैनपुरीच्या खडावा करणाऱ्याला साधले, असे मी म्हणणार नाही. दोघांना वेगळे काही करून दाखवायचे होते. पण टिकाऊपणाचा प्रश्न विचारला तर माझे मत मैनपुरीच्या बाजूने पडेल.

मराठवाड्यातल्या मंडळींच्या मनात एव्हाना बिदरी आली असेल. बिदरचे काम औरंगाबादेलाही रुजले, तेव्हा त्यांना ते परके नाही. तिथे जस्त आणि थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती घातलेल्या द्रावणाने भांडे काळे करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. पण तिथे धातूत धातू आहे. दोघांनाही पावसाळा बाधत नाही. लाकडाशी संसार करणाऱ्याचे काम त्या मानाने अवघड.

पितळ बसवलेले शीशमचे सामान इतरत्रही होते. सहारनपूरला होते. पाकिस्तानात गेलेल्या पंजाबात चिनाब नदीकाठचे चिनिओट त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या पंजाबातल्या होशियारपूरला धातूऐवजी हस्तिदंत बसवीत. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद झाल्यावर तिथल्या कारागिरांना हाड आणि प्लास्टिक यांकडे वळावे लागले. कच्चा माल गेला की कला कशी एका रात्रीत पाय बदलते त्याचा हा दाखला.

शीशमवरही तशी वेळ येऊन गेली, आणि ती हकिगत टेबलांशी फार जवळची आहे. वन्य प्राणी आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स नावाचा करार आहे. जगभर शिसवीच्या घराण्यातल्या झाडांची बेसुमार तोड होत होती, म्हणून त्या सबंध घराण्याचा करारात समावेश झाला आणि २ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला. हेतू चांगला होता. पण आपल्याकडे शीशम शेताच्या बांधावर आणि कालव्याकाठी लावला जातो. त्याच्या वस्तूंनाही परदेशी जाताना कागदपत्रांचा ससेमिरा लागला आणि हस्तकलेची निर्यात घसरली. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या परिषदेत खुलासा झाला की शीशमच्या एकेका वस्तूचे वजन १० किलोपेक्षा कमी असेल तर तशा कितीही वस्तू एका खेपेत विनापरवाना पाठवता येतील. आणि वजन करताना लाकूड तेवढे मोजायचे, धातू सोडून द्यायचा. म्हणजे तारकशीचे पितळ वजनातून सुटले! पण हिशेब करून पाहा. डबा सुटला, तबक सुटले, हलकी तिपाई सुटली. जेवणाचे भरभक्कम टेबल मात्र १० किलोंच्या आत बसणे कठीण. तेव्हा मोठे टेबल करणाऱ्याला घरच्या गिऱ्हाइकाचाच आधार, आणि घरचे गिऱ्हाईक टेबलाची किंमत फुटाच्या हिशेबाने विचारते.

सरकारने काही केले नाही असे नाही. उत्तर प्रदेशात २०१८ मध्ये प्रत्येक जिल्ह्याला एक वस्तू नेमून देणारी योजना निघाली, तीत मैनपुरीच्या वाट्याला तारकशी आली. आणि २०२३ साली ‘मैनपुरी तारकशी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या पैठणीला आहे ना, तसेच. या मानांकनाने दुसऱ्या कोणाला ते नाव लावून माल विकता येत नाही. पण नाव सुरक्षित झाले म्हणजे मजुरी सुरक्षित झाली असे नाही. मुलाला चर पाडायला शिकायला काही वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत दुसरीकडे त्याला रोजचा पगार मिळतो. बाप मुलाला काय सांगणार?

त्यातून नकली मालाचा त्रास. यंत्राने लाकडात चर कोरतात आणि तिच्यात पितळेची पूड मिसळलेला डिंकासारखा घट्ट रस ओततात. वाळला की घासतात. लांबून अगदी तारकशी. खरे ओळखायचे तर रेषेची टोके बघा. खऱ्या पट्टीचे टोक कातरलेले, धारदार असते आणि दोन तुकड्यांमधला सांधा निरखला तर दिसतो. रसाची रेषा टोकाला गोल होते आणि तिला सांधा नसतो. रेषेची जाडीही बघा. हाताने केलेल्या कामात ती सगळीकडे काटेकोर सारखी नसते. टेबल विकत घेणारच असाल तर कडेच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, दुकानदाराला विचारून सुईचे टोक लावून पाहा. रस सहज ओरखडतो, पितळ त्या मानाने कमी.

शाळेतल्या गुरुजींसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. गावच्या सुताराकडून एकाच फळीच्या वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या कापून घ्या; एक तंतूंच्या दिशेने, दुसरी तंतूंना आडवी. दोन्ही मुलांकडून मोजून घ्या आणि दोनतीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. पुन्हा मोजा. पहिली होती तेवढीच राहील, दुसरी लांबलेली दिसेल. दारे का फुगतात, बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून का चढवतात, हे प्रश्न मग मुलेच विचारतील. तारकशीची गोष्ट त्या वेळी सांगावी. आधी सांगू नये.

आणि ज्यांच्या घरी असे टेबल आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पितळ दिसले की आपल्या बायकांचा हात चिंचेकडे जातो. इथे चिंच नको, लिंबू नको, पितळ घासायची पूडही नको. आंबटाने पितळ उजळेल, पण पॉलिश जाईल आणि लाकडावर डाग उठेल. पूड लाकडाच्या बारीक छिद्रांत बसून पांढरी दिसत राहील. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, बस. चुलीवरून उतरलेले पातेले थेट टेबलावर ठेवू नये. उन्हाच्या झोतात किंवा पंख्याच्या कोरड्या वाऱ्यात टेबल बारा महिने ठेवू नये. एखादी तार वर आलीच तर ती ओढून तोडू नका आणि वर सरसही ओतू नका. सरस चरीत वाळला की पट्टीला परत जागा राहत नाही. त्या जागी एक कागद चिकटवून ठेवा, म्हणजे कोणाच्या बाहीत तार अडकणार नाही. पाऊस लागून चांगले पंधरा दिवस जाऊ द्या. फळी फुगून चर मूळ लांबीला आली की तारेवर लाकडाचा ठोकळा धरा आणि हातोडीने हलकेच दोन ठोके द्या.